बदकांच्या मागून आलेले वादळ

पहिल्या महायुद्धाच्या तोफा थंडावल्या त्या १९१८ सालच्या ११ नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजता. अमेरिकेने या युद्धविराम दिनाला १९३८ साली कायद्याने सुटी दिली आणि दोनच वर्षांनी, १९४० साली, ही सुटी सोमवारी आली. युरोपात तोवर दुसरे युद्ध पेटून वर्ष उलटले होते; फ्रान्स पडला होता, लंडनवर रात्रीमागून रात्री बाँब पडत होते. अमेरिका अजून युद्धाबाहेर होती आणि सहाच दिवसांपूर्वी तिने रूझवेल्टना तिसऱ्यांदा निवडून दिले होते. आपल्याकडे दिवाळी होऊन दहाबारा दिवस झाले होते. त्या सोमवारी, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या दोन राज्यांच्या मधून वाहणाऱ्या मिसिसिपीच्या काठची शेकडो माणसे पहाटेच उठली, बंदुका आणि शिदोऱ्या होड्यांत टाकल्या आणि बदकांच्या शिकारीला निघाली. त्यांतली कित्येक परत आली नाहीत.

जगाच्या इतिहासात त्या रात्रीची नोंद आहे, ती वेगळ्याच कारणाने. त्याच रात्री ब्रिटिश विमानांनी तारांतोच्या बंदरात नांगरलेल्या इटालियन आरमारावर हल्ला केला. मिसिसिपीच्या बेटांवर जे घडले त्याला 'आर्मिस्टिस डे ब्लिझर्ड' असे नाव पडले आणि ते त्या भागातल्या लोकांच्या स्मरणात राहिले. बाहेर फारसे गेले नाही. ब्लिझर्ड या शब्दाला आपण हिमवादळ म्हणतो खरे, पण तो शब्द पुस्तकातला. वावटळ, तुफान, झंझावात हे शब्द आपल्या अंगाखांद्यावर वाढले आहेत. हिमवादळ आपण ऐकून आहोत. अंगाला सुईसारखा टोचणारा, डोळे उघडू न देणारा, हातभर अंतरावरचा माणूस दिसू न देणारा भुगा आडवा वाहतो आहे आणि हे तासन् तास चालले आहे, अशी कल्पना केली म्हणजे त्याचा थोडा अंदाज येतो.

विनोना हे मिनेसोटातले नदीकाठचे गाव. तिथे मिसिसिपी वायव्येकडून आग्नेयेकडे वाहते आणि दोन्ही बाजूंना उंच कडे उभे आहेत. कड्यांच्या मधल्या रुंद खोऱ्यात नदीचे शेकडो फाटे, दलदली, सखल बेटे, विलोची झुडपे. बदकांना यासारखे ठिकाण नाही. उत्तरेकडे कॅनडा आणि डाकोटाच्या गवताळ प्रदेशातल्या डबक्यांत त्यांचा जन्म होतो. थंडी सुरू झाली की ती दक्षिणेला मेक्सिकोच्या आखाताकडे निघतात आणि त्यांच्या वाटेवर ही नदी रुंद राजमार्गासारखी पसरलेली असते. १९२४ साली वाबाशापासून खाली सुमारे २६० मैलांचा हा नदीकाठ सरकारने पक्ष्यांसाठी आणि माशांसाठी राखून ठेवला, पण मोसमात शिकार करायला बऱ्याच भागात मोकळीक होती.

पुढे १९३० नंतरच्या दशकात या नदीत मोठा फरक पडला. मालाचे तराफे चालावेत म्हणून प्रवाहाची खोली किमान नऊ फूट राखायची योजना निघाली आणि त्यासाठी नदीवर ओळीने बंधारे आणि पाणदरवाजे बांधले गेले. प्रत्येक बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जंगले, कुरणे पाण्याखाली गेली आणि उथळ पण मैलच्या मैल रुंद अशी तळी तयार झाली. बदकांची सोय झाली, शिकाऱ्यांचीही झाली. पूर्वी झाडीतून वळणे घेत जाणाऱ्या फाट्यांत वाऱ्याला वाव नव्हता. आता त्याला मोकळे मैदान मिळाले. उघड्या पाण्यावर वारा जितके अंतर धावतो तितक्या लाटा वाढतात. शांत दिवशी या तळ्यात होडी वल्हवणे म्हणजे खेळ होता. बंधारे बांधणाऱ्यांनी तराफ्यांचा हिशेब केला होता. बारा-चौदा फुटी सपाट बुडाच्या होडक्यांचा हिशेब करण्याचे त्यांना काही कारण नव्हते.

त्या माणसांना बदकांचे एवढे वेड का, हेही थोडे पाहिले पाहिजे. १९३० नंतरच्या दुष्काळाने गवताळ प्रदेशातली डबकी आटली आणि बदकांची संख्या झपाट्याने घसरली. १९३४ साली शिकाऱ्याला डॉलरभर किमतीचे तिकीट विकत घेण्याची सक्ती झाली. १९३५ साली जिवंत बदके बांधून इतरांना भुलवण्यावर आणि दाणे टाकून आमिष दाखवण्यावर बंदी आली. मोसमही कापून तीस दिवसांवर आणला गेला. पुढे पाऊसपाणी बरे झाले, बदके वाढू लागली, बंधने थोडी सैल झाली. म्हणजे १९४० सालचा शिकारी हा काही वर्षांचा उपाशी होता. शिवाय मंदीची दहा वर्षे लोकांनी काढलेली. गिरणीत, रेल्वेत, दुकानात राबणाऱ्या माणसाच्या घरी चार बदके आली तर तो नुसता शौक नव्हता, चार दिवसांचे मांस होते.

आणि त्या वर्षीचा हिवाळा लांबला होता. नोव्हेंबर उजाडला तरी ऊब सरेना. उत्तरेतली पाणवठी गोठली नव्हती, त्यामुळे बदके तिकडेच रेंगाळत होती. शिकारी रोज आभाळाकडे पाहत आणि हात हलवत परत येत. अकरा तारखेची सकाळ तशीच उबदार उजाडली. काही ठिकाणी पारा फॅरनहाइटच्या ५० ते ६० अंशांत होता, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या थंडीतल्या सकाळीसारखा. पुष्कळ जण पातळ जाकिटात, कोणी नुसत्या सदऱ्यावर निघाले. सुटीच होती, दुपारी घरी यायचे होते. जाड कपड्यांचे ओझे कोण घेणार?

वादळाची बातमी त्यांना कोणी दिली नाही, हे खरे. ते पॅसिफिककडून आले होते. चार दिवसांपूर्वी, ७ नोव्हेंबरला, वॉशिंग्टन राज्यात टॅकोमाचा नवा झुलता पूल ताशी चाळीसएक मैलांच्या वाऱ्यात हेलकावे खाऊन कोसळला. त्या वाऱ्याचे नाते याच वादळाशी जोडले जाते. डोंगर ओलांडून ते मध्य अमेरिकेच्या मैदानात उतरले, तिथे त्याला आखातावरची दमट उबदार हवा आणि कॅनडातली बर्फगार हवा अशा दोन्ही एकदम मिळाल्या आणि आयोवावरून सुपीरियर सरोवराकडे जाताना ते काही तासांत भयंकर फोफावले. या सगळ्या भागाचे अंदाज तेव्हा शिकागोच्या कचेरीतून निघत. थंडी वाढेल, थोडे हिम भुरभुरेल, एवढाच त्या दिवसाचा अंदाज होता. आणि वादळ रात्रीतून बळावले तेव्हा नकाशावर नजर ठेवायला त्या कचेरीत कोणी नव्हते, कारण रात्रपाळीच नव्हती. या प्रकरणावरून पुढे फार ओरड झाली. चोवीस तास पहारा सुरू झाला, अंदाज वर्तवण्याचे काम मिनेसोटासारख्या ठिकाणच्या कचेऱ्यांकडेही दिले गेले. ही सुधारणा योग्यच झाली. पण सगळे खापर शिकागोच्या माथ्यावर फोडणाऱ्यांशी मी पूर्णपणे सहमत नाही. पहाटे चारला होडी पाण्यात लोटणाऱ्या माणसाला सकाळी सातचा रेडिओ कुठून ऐकू येणार? आणि मुख्य म्हणजे, इशारा त्यांना मिळाला नाही असे नाही. तो मिळाला होता. तो आभाळातून आला होता आणि त्याला पंख होते.

सकाळ चढली तशी हवा पालटू लागली. आधी पाऊस, मग पावसात बर्फाचे कण, वारा वायव्येला वळला. आणि त्या वाऱ्यावर बदके आली. थवेच्या थवे आले. मॅलार्ड, ब्लूबिल, नाना जातींची. एरवी बंदुकीच्या टप्प्याबाहेरून फिरणारी, फसव्या लाकडी बदकांभोवती चार-चार घिरट्या घालून शंका आली की निघून जाणारी ती चलाख पाखरे त्या दिवशी झुडपांच्या उंचीवरून येत होती आणि बार उडत असतानाही माणसांच्या पुढ्यात पाण्यावर आदळत होती. एवढी बदके आयुष्यात पाहिली नाहीत, असे वाचलेल्यांनी पुढे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. लांबलेल्या उन्हाळ्याने उत्तरेत अडकवून ठेवलेला सगळा मोसम एका सकाळी खाली उतरला होता.

आपल्याकडचा शेतकरी पावशा ओरडला की पेरणीचा विचार करतो, टिटवीने अंडी कुठे घातली यावरून पावसाचा अदमास बांधतो. पक्ष्यांवरून हवा वाचण्याची ही विद्या मिसिसिपीच्या काठीही होती आणि तिथल्या शिकाऱ्यांना ती चांगली येत होती. हवा बिघडली की बदके खाली येतात, हा त्यांचा पिढीजात नियम. गार वारा, खालावलेले आभाळ, भुरभुरते हिम, म्हणजे शिकारीचा दिवस. त्यामुळे वारा वाढला तसा त्यांचा उत्साह वाढला. सगळे काही नियमाप्रमाणे चालले होते. ही पाखरे कशाकडे येत आहेत याचाच हिशेब त्यांनी केला; ती कशापासून पळत आहेत, हा प्रश्न कोणाला पडला नाही. अननुभवी माणूस कदाचित काकडून लवकर परतला असता. यांना मात्र हाताशी असलेल्या अनुभवानेच लपणीत बसवून ठेवले.

या माणसांना नंतर लोभी ठरवणारे काही निघाले. असा निकाल घरात शेकोटीपाशी बसून देणे सोपे असते. चार वर्षे रिकाम्या हाताने परतलेला, सुटीचा एकच दिवस मिळालेला माणूस, डोक्यावरून हजार बदके जात असताना बंदूक खाली ठेवून घड्याळ पाहील, ही अपेक्षा मला तरी मनुष्यस्वभावाला धरून वाटत नाही. आणि काही जण निघालेही होते. वेळेवर निघालेले वाचले. पण ती वेळ फार लहान होती. अर्ध्या तासाचा उशीर म्हणजे काय, हे ज्यांना कळले त्यांतले पुष्कळसे सांगायला राहिले नाहीत.

दुपारी वाऱ्याने ताशी पन्नास मैलांची गती गाठली आणि झोत त्याहूनही पुष्कळ जोराचे आले. वायव्येचा वारा आणि वायव्येकडून येणारे खोरे. कड्यांच्या मधून तो बंदुकीच्या नळीतून यावा तसा आला. उघड्या पाण्यावर पुरुषभर उंचीच्या लाटा उठल्या. होड्या पालथ्या झाल्या, मोटरी पाण्याने बंद पडल्या. पाण्यात पडले त्यांतले कित्येक बुडाले. उरले ते जवळच्या बेटावर चढले आणि बेटे कसली, तर पाण्यावर हातभर वर आलेला चिखल आणि त्यावर काठ्यांसारखी विलोची झुडपे. तापमान वेगाने कोसळले. काही ठिकाणी चोवीस तासांत पन्नास अंशांचा फरक पडला. पावसाने आणि लाटांनी भिजलेले कपडे अंगावरच कडक झाले, पत्र्यासारखे.

थंडी माणसाला कशी मारते हे आपल्या उष्ण देशात फारसे माहीत नसते. आधी हुडहुडी भरते, दात वाजतात. ती शरीराची धडपड असते, ऊब निर्माण करण्याची. मग बोटे बधिर होतात. खिशात आगपेटी आहे, ती कोरडीही आहे, पण काडी चिमटीत धरता येत नाही. मग बुद्धी मंदावते, जीभ जड होते आणि शेवटी हुडहुडी थांबते. माणसाला वाटते, आता बरे वाटते आहे, जरा पडावे. त्या पडण्यातून तो उठत नाही. ओले कपडे आणि वारा असले की हे सगळे काही तासांत होते. जाणत्यांना एवढे ठाऊक होते की झोपायचे नाही. म्हणून त्या रात्री बेटाबेटांवर माणसे एकमेकांना थापडा मारत होती, खोट्या कुस्त्या खेळत होती, अंधारात एका झाडाभोवती गोल गोल चालत होती. कोणी होडी उलटी करून तिच्या आडोशाला बसले. ज्यांना काडी पेटवता आली त्यांनी फसवी बदके जाळली, होडीच्या फळ्या जाळल्या. सकाळी परत जायला होडी लागेल हा विचार मागे पडला होता.

विनोनाजवळच्या एका बेटावर सतरा वर्षांचा एक मुलगा होता. बरोबर वडील, भाऊ आणि एक मित्र. एकामागून एक तिघेही त्याच्या देखत गेले. तो स्वतः दोन लॅब्रॅडॉर कुत्र्यांना बिलगून राहिला आणि त्यांच्या उबेने वाचला. पाण्यात पडलेली बदके तोंडात धरून आणायला शिकवलेली ती कुत्री. मिलवॉकीच्या वर्तमानपत्रात शिकारी आणि मासेमारी यांवर लिहिणारा गॉर्डन मॅक्वारी वादळानंतर लगेच विनोनाला आला, वाचलेल्यांना भेटला आणि त्याने लिहिलेला वृत्तांत त्या भागात आजही वाचला जातो. स्वतः हाडाचा बदकशिकारी असल्यामुळे त्याने त्या माणसांना ना नायक केले, ना मूर्ख.

वादळ काही नदीपुरते नव्हते. कॅन्ससपासून मिशिगनपर्यंतचा हजार मैलांचा पट्टा त्याने झोडपला. मिनेसोटात कॉलेजव्हिल येथे २६.६ इंच हिम पडले आणि वाऱ्याने त्याचे वीस-वीस फुटी ढिगारे केले. मोटारी रस्त्यांवरच गाडल्या गेल्या. वॉटकिन्स गावी काही दिसेनासे होऊन दोन आगगाड्यांची टक्कर झाली. थँक्सगिव्हिंगच्या सणासाठी वाढवलेल्या टर्कींपैकी दहा लाखांहून अधिक मेल्या. आयोवातली सफरचंदाची झाडे, उबदार शरदामुळे अजून रस अंगात असलेली, उभ्या उभ्या फुटली. तो धंदा तिथे पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही, बागांच्या जागी मका आणि सोयाबीन आले. मिशिगन सरोवरात 'विल्यम बी. डेव्हॉक' आणि 'ॲना सी. मिंच' ही दोन मालवाहू जहाजे सगळ्या माणसांसह बुडाली. तिसरे, 'नोव्हाडॉक', पेंटवॉटरजवळ उथळ पाण्यात फुटून अडकले. त्यावरचे दोघे वाहून गेले. उरलेल्या सतरा जणांना तेराव्या तारखेला क्लाइड क्रॉस नावाच्या मच्छीमाराने आपली मासेमारीची लहान बोट घालून उतरवून आणले. सगळे मिळून मृतांचा आकडा दीडशेच्या आसपास जातो. मिनेसोटातले ४९, त्यांतले जवळजवळ निम्मे बदकांचे शिकारी.

सरोवरात जे काम एका मच्छीमाराने केले, तसेच विनोनाला मॅक्स कॉन्रॅडने केले. हा गृहस्थ गावात विमान चालवण्याची शाळा चालवत असे. मंगळवारी, बारा तारखेला, हिम थांबत आले तरी वारा पडला नव्हता. पाण्यावर बर्फ धरू लागला होता. होडीला तो फार जाड, माणसाच्या पायाला फार पातळ. कोण कुठे आहे, कोण जिवंत आहे, काहीच कळत नव्हते. अशा वाऱ्यात कॉन्रॅडने आपले पायपर कब विमान बाहेर काढले. दोन माणसांचे, कापड ताणून मढवलेल्या पंखांचे ते विमान. वाऱ्याच्या तोंडावर ते जवळजवळ जागच्या जागी तरंगे. त्याचा एक सहकारी बरोबर बसला. डब्यांत सँडविच, व्हिस्की, सिगारेटी आणि आगकाड्या भरून घेतल्या होत्या.

दिवसभर तो बेटांवरून खाली, झुडपांच्या शेंड्यांना लागेल इतक्या खाली फिरला. कुठे हालचाल दिसली की डबा टाकायचा आणि मग त्या जागेवर घिरट्या घालत राहायचे, म्हणजे बर्फ फोडत येणाऱ्या होडीला दिशा कळे. हालचाल दिसली नाही तरी त्याने घिरट्या घातल्याच; प्रेतेही आणायची होती. इंधन संपले की उतरायचे, भरायचे आणि पुन्हा उडायचे. कुत्र्यांच्या उबेने तगलेल्या त्या मुलापर्यंत बचावाची माणसे पोहोचली ती याच विमानाच्या खुणेने.

पुढे कॉन्रॅडचे नाव मोठे झाले. १९५९ साली त्याने एकट्याने एका लहान विमानातून कासाब्लांकाहून लॉस एंजेलिसपर्यंत ७,६६८ मैल न थांबता उड्डाण केले. त्याला अठ्ठावन्न तासांहून अधिक वेळ लागला. १९७९ साली तो वारला. विनोनाच्या विमानतळाला त्याचे नाव आहे. नोव्हेंबरात बदके अजूनही त्या विमानतळाजवळून, नदीच्या वळणाने खाली जातात आणि बेटांवर लपणी बांधून माणसे त्यांची वाट पाहत असतात.